वासरांची हगवण आणि आतड्यातील जिवाणू

जन्मानंतरच्या पहिल्या ४ आठवड्यांत वासरांना होणारी हगवण ई. कोलाय, साल्मोनेला हे जिवाणू, रोटा व कोरोना विषाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे उद्भवते. या आजारात आतड्यातील जिवाणूंची विविधता घटते. लॅक्टोबॅसिलससारखे उपयुक्त जिवाणू कमी होऊन ई. कोलायच्या कुळातील जिवाणू बळावतात. विषाणूजन्य हगवणीत प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात, शिवाय उपयुक्त जिवाणूंचाही नाश करतात. वासरू दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार घटल्याने. म्हणून क्षारयुक्त पाणी पाजणे हा पहिला उपचार होय. दूधही बंद करू नये. गर्भावस्थेत वासराला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात आणि २४ तासांनंतर आतड्यात शोषली जात नाहीत. त्यामुळे जन्मताच भरपूर चीक पाजणे, हाच खरा प्रतिबंध.