ऊर्जा रूपांतराचे अध्यापन

ऊर्जा रूपांतराचे अध्यापन हा शालेय विज्ञान शिक्षणाचा एक भाग आहे. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. स्थितिज, गतिज, रासायनिक, औष्णिक, विद्युत, प्रकाश व ध्वनी ही तिची परिचित रूपे होत. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलते. मात्र ती नव्याने निर्माण होत नाही व नष्टही होत नाही. यास ऊर्जा अक्षय्यतेचा नियम म्हणतात. महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यात वैनगंगा नदी, भातशेती आणि पितळी भांड्यांचा पारंपरिक व्यवसाय यांमुळे या नियमाची उदाहरणे विद्यार्थ्यांच्या परिसरातच आढळतात.

परिसरातील उदाहरणे

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण असून त्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. धरणात उंचावर साठलेल्या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते. पाणी खाली येताना तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते, पाण्याच्या जोराने टर्बाइन फिरते व जनित्रातून विद्युत ऊर्जा मिळते. १ घनमीटर पाणी १० मीटर खाली आल्यास सुमारे ९८,००० ज्यूल ऊर्जा उपलब्ध होते. विजेचे १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजेच एका युनिटसाठी, काहीही अपव्यय न धरता, सुमारे ३७ घनमीटर पाणी लागते. हे दहा हजार लिटरच्या जवळपास चार टँकरांइतके होते. या जलाशयासाठी अनेक गावांचे पुनर्वसन करावे लागले, हेही विजेचे मोल समजावताना सांगता येते.

धानाचे रोप सूर्यप्रकाशातील ऊर्जा रासायनिक रूपात साठवते. भात खाल्ल्यावर तीच ऊर्जा शरीराची हालचाल व उष्णता यांसाठी वापरली जाते. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. ते जाळून उष्णता मिळते. पितळी पत्र्यावर हातोडा मारल्यास गतिज ऊर्जेमुळे पत्र्याचा आकार बदलतो. त्याच वेळी ध्वनी व उष्णताही निर्माण होते.

सामान्य गैरसमज

‘वीज वापरली की ऊर्जा संपते’ असा विद्यार्थ्यांचा समज आढळतो. वस्तुतः बहुतांश ऊर्जा अखेरीस उष्णतेच्या रूपात परिसरात पसरते व पुन्हा उपयोगात आणणे कठीण होते. ऊर्जा नष्ट होत नसतानाही तिची बचत आवश्यक ठरते, ती या कारणाने. ऊर्जेचे रूप व ऊर्जेचा स्रोत यांतही गल्लत होते : वाहते पाणी हा स्रोत आहे, गतिज ऊर्जा हे रूप.

वर्गातील प्रयोग

झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत थोडी कोरडी वाळू घेऊन तिचे तापमान मोजावे. बाटली काही मिनिटे जोराने हलवून तापमान पुन्हा मोजल्यास ते किंचित वाढलेले दिसते. हातांच्या उष्णतेचा परिणाम टाळण्यासाठी बाटलीस कापड गुंडाळावे. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात खाली येणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाणी घुसळून याच तत्त्वाचे मापन केले. ऊर्जेच्या एककास त्याचे नाव देण्यात आले आहे.