कुठे पडला नाहीस, मग दुखते कसे?

गळ्याच्या खाली, मधोमध असलेल्या खळग्यात बोट ठेवा आणि ते हळूहळू खांद्याकडे सरकवत न्या. बोटाखाली एक लांब, किंचित वळणदार हाड लागेल. हे हासळीचे हाड, म्हणजेच कॉलरबोन. खांद्याच्या टोकाशी ते संपते तिथे एक लहानसा उंचवटा जाणवतो. त्याच जागी हे हाड पाठीकडच्या फऱ्याच्या हाडाला जोडलेले असते. हात आणि धड यांना जोडणारा हाडाचा दुवा म्हणजे एवढे एकच हाड. बाकीचे काम स्नायू आणि अस्थिबंध करतात.

व्यायामशाळेत जाऊ लागलेला अकरावीतला एखादा मुलगा नेमके या उंचवट्यावर बोट ठेवून ‘इथे दुखते’ म्हणतो. ‘कुठे पडलास का?’ आपण विचारतो. ‘नाही,’ तो सांगतो. आणि विषय तिथेच संपतो. गंमत अशी की वैद्यकशास्त्रही फार मोठा काळ याच प्रश्नापाशी थांबलेले होते.

इ.स.पू. 1600 च्या सुमारास लिहिलेली एक इजिप्शियन गुंडाळी ‘एडविन स्मिथ पपायरस’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात 48 रुग्णांची वर्णने आहेत. त्यांपैकी एकाचे हासळीचे हाड मोडले आहे. रुग्णाला उताणे झोपवावे, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये घडी ठेवावी आणि खांदे बाजूला ताणून हाड जागेवर आणावे, असा उपचार त्यात दिला आहे. पुढे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथाने आणखी बारकावा टिपला. खांद्याच्या टोकाचा हा लहान सांधा सुटला, तरी वैद्य चुकून खांद्याचा मोठा सांधाच निखळला असे समजतात, असा इशारा त्यात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याचा तर स्वतःचाच हा सांधा कुस्ती खेळताना सुटला होता!

या सगळ्या इजांमागे काहीतरी घडलेले होते : पडणे, आपटणे, झटका बसणे. 1895 मध्ये रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि हाड कातडीआडूनही दिसू लागले. 1936 मध्ये फ्रान्समधील द्युपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळीच गोष्ट नोंदवली. मार लागल्यानंतर काही काळाने हासळीच्या हाडाचे बाहेरचे टोक झिजून विरळ झाले होते. पण इथेही आधी मार लागलेला होताच.

मार न लागताही असे होऊ शकते, हे ठळकपणे पुढे आले ते 1982 मध्ये. अमेरिकन शल्यचिकित्सक बर्नार्ड केहिल यांनी 46 पुरुष खेळाडूंची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या हाडाचे टोक असेच झिजले होते, पण कोणालाही मोठी दुखापत झालेली नव्हती. त्यांच्यात समान धागा एकच होता : 46 पैकी 45 जण सरावाचा भाग म्हणून वजने उचलत होते.

हे कसे होते? हाड ही निर्जीव काठी नव्हे. त्यात जुना भाग शोषून घेणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग रचणाऱ्याही असतात. बाकावर उताणे झोपून छातीवरचा दांडा वर ढकलताना, म्हणजे बेंच प्रेस करताना, दांडा खाली येतो आणि कोपरे धडाच्या मागे जातात. त्या वेळी या चिमुकल्या सांध्यावर मोठा ताण येतो व हाडाच्या टोकाला सूक्ष्म तडे जातात. विश्रांती मिळाली तर ते भरून येतात. रोजच्या रोज वजन वाढत गेले, तर शोषणाचे काम रचनेच्या पुढे धावते. स्नायू लवकर बळावतात, हाड मागे राहते; त्यामुळे ‘आता मला जास्त वजन झेपते’ हा अनुभव फसवा ठरतो.

सुरुवातीला क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही, असेही होते. बहुतेकांना त्रास देणारे व्यायाम काही महिने थांबवल्यावर आराम पडतो. न पडल्यास हाडाचे टोक थोडेसे कापून काढतात. ही शस्त्रक्रिया ममफर्ड आणि गर्ड यांनी 1941 मध्ये स्वतंत्रपणे वर्णिली होती.

वर्गात एक तार घ्या. एकदा वाकवा, ती तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवा; तुटते. मग मुलांना विचारा, तार आणि हाड यांत फरक कोणता? तार स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, हाड करू शकते. मात्र त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो.

आणि त्या अकरावीतल्या मुलाला ‘कुठे पडलास का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘गेल्या तीन महिन्यांत वजन किती वाढवलेस आणि विश्रांती किती घेतलीस?’ हेही विचारा. तरीही दुखणे राहिलेच, तर त्याला अस्थितज्ज्ञाकडे पाठवा आणि या प्रश्नाचे उत्तरही त्याला सोबत न्यायला सांगा.