वाळूचा फिल्टर (जलतरण तलावाचा) : देखभाल व धुलाई

तलावाचे पाणी पंपाने खेचून वाळूच्या थरातून गाळणारी आणि पुन्हा तलावात सोडणारी बंद टाकी. टाकीत बहुधा 0.45 ते 0.55 मिमी. आकाराची सिलिका वाळू असते. पाणी वरून खाली झिरपते व तळाच्या बारीक खाचांच्या नळ्यांतून बाहेर पडते.

स्वच्छ वाळू साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. थोडा गाळ साठला की वाळूतल्या फटी अरुंद होतात आणि पाणी उलट अधिक चांगले गाळले जाते. त्यामुळे घरगुती तलावाचा फिल्टर दर दोन दिवसांनी धुण्याची सवय पाण्याचे नुकसानच करते. कधी धुवायचे ते प्रेशर गेज सांगतो. धुतल्यानंतरचा दाब टाकीवरच लिहून ठेवावा आणि त्यावर 8 ते 10 पीएसआय (सुमारे 0.5 ते 0.7 बार) चढले की बॅकवॉश घ्यावा. सार्वजनिक तलावात मात्र दाब चढला नाही तरी आठवड्यातून एकदा वाळू धुवावीच. तिथे घाम, तेल व त्वचेचा मळ सतत साठत असतो. दाब नेहमीपेक्षा उतरला असेल तर दोष बहुधा पंपाआधी असतो : केस-पाला अडवणारी जाळी तुंबलेली असते किंवा ओढीच्या पाइपात हवा शिरत असते.

बॅकवॉशमध्ये पाणी उलट, खालून वर जाते; वाळू फुलते आणि अडकलेला गाळ गटाराकडे वाहतो. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्यापूर्वी प्रत्येक वेळी पंप बंद करणे हा इथला सर्वांत महत्त्वाचा नियम. चालू पंपावर दांडा फिरवला की आतले गॅस्केट फाटते आणि तलावाचे पाणी कुणाच्या लक्षात न येता गटारात जात राहते. काचेच्या खिडकीतले पाणी नितळ दिसेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन मिनिटे बॅकवॉश चालवावा. त्यानंतर अर्धा-एक मिनिट ‘रिन्स’ घ्यावे. ते टाळल्यास सैल झालेला गाळ थेट तलावात येतो. तासाला 15,000 लिटर पाणी देणारा पंप तीन मिनिटांत 750 लिटर पाणी बाहेर टाकतो. टंचाईच्या दिवसांत हा आकडा खुपतो, पण धुणे अर्ध्यावर थांबवले तर गाळ वाळूतच राहतो, त्याचे गोळे बनतात आणि पाणी त्यांना वळसा घालून न गाळताच निघून जाते.

क्लोरीन आहे म्हणून फिल्टरकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. अतिसार घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनयुक्त पाण्यात आठवड्याहून अधिक काळ तग धरतो. त्याच्या बीजकोशांचा आकार जेमतेम 4 ते 6 मायक्रॉन, म्हणजे नुसत्या वाळूतून ते सहज निसटतात. पाण्यात फिल्टरआधी तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड थोडे थोडे सोडत राहिल्यास बारीक कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या वाळूत अडकतात. सार्वजनिक तलावांत हा खर्च वाचवू नये.

जड पाणी असलेल्या बोअरवेलवर तलाव भरला जात असेल तर क्षार साचून वाळू घट्ट होऊ शकते, म्हणून वर्षातून एकदा टाकी उघडून थर हाताने तपासावा. त्याआधी पंप बंद करून आतला दाब पूर्ण सोडावा. तलावाच्या तळाशी वाळू दिसू लागली तर टाकीतली एखादी नळी तुटल्याची शंका घ्यावी. वाळू साधारण 5 ते 7 वर्षांनी बदलतात. नवी भरताना आधी टाकी निम्मी पाण्याने भरतात, म्हणजे ओतलेल्या वाळूचा आघात तळाच्या नळ्यांवर होत नाही. आणि तलावाकडे पाणी सोडण्यापूर्वी धूळ निघून जाईपर्यंत बॅकवॉश घेतात.