संभाषणात्मक लॅटिन : नवशिक्यांसाठी परिचय

11 फेब्रुवारी 2013 रोजी व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांच्या सभेत पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या पदत्यागाची घोषणा लॅटिन भाषेत केली. ‘आन्सा’ या इटालियन वृत्तसंस्थेच्या प्रतिनिधी जोव्हान्ना किर्री यांना ते शब्द ऐकताक्षणी समजले आणि भाषांतराची वाट न पाहता त्यांच्या संस्थेने ती बातमी जगाला दिली. लॅटिन वाचता येणे आणि ती कानाला कळणे यांत किती अंतर आहे, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962-65) मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आपल्या वडीलधाऱ्यांना तिची उत्तरे मुखोद्गत होती. परंतु पाठांतर म्हणजे संभाषण नव्हे. संभाषणासाठी ऐकणे आणि बोलणे यांचा स्वतंत्र सराव करावा लागतो.

मराठी भाषकांना अनुकूल बाबी

लॅटिनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे व विभक्ती आहेत. ‘पेत्रुस पाउलुम विदेत’ म्हणजे ‘पेत्र पौलाला पाहतो’. शब्दांचा क्रम बदलला, तरी ‘पाउलुम’मधील शेवटचा ‘उम’ आपल्या ‘ला’ प्रत्ययाचे काम करतो व अर्थ कायम राहतो. अभिजात लॅटिनमध्ये ‘हो’साठी एकच ठरावीक शब्द नाही, बहुधा क्रियापदच पुन्हा उच्चारतात. ‘वेनिस्ने?’ (येतोस का?) याचे उत्तर ‘वेनियो’ (येतो). मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये.

एक चूक मात्र आपल्याकडून हमखास होते. ‘साल्वे’ हा एका व्यक्तीला करावयाचा नमस्कार, तर ‘साल्वेते’ अनेकांना. आदरापोटी आपण एकाच धर्मगुरूंना ‘साल्वेते’ म्हणू पाहतो. अभिजात लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नाही. तेथे सर्वांना ‘तू’च!

उच्चार

दोन पद्धती प्रचलित आहेत. ख्रिस्तसभेत इटालियन वळणाचा उच्चार रूढ आहे, तर अनेक विद्यापीठांत प्राचीन रोमन उच्चार शिकवितात. एकाच वक्त्याचे नाव पहिल्या पद्धतीत ‘चिचेरो’ व दुसरीत ‘किकेरो’ होते. कोणतीही एक निवडावी व तीच पाळावी.

पहिली वाक्ये (ख्रिस्तसभेतील उच्चारानुसार)

- क्विद आजिस? – काय चालले आहे?
- मिकी नोमेन एस्त पाउलुस – माझे नाव पौल.
- उबी आबितास? – तू कोठे राहतोस?
- नोन इन्तेल्लेगो – मला समजले नाही.
- ग्रात्सियास तिबी आगो – मी तुझे आभार मानतो.
- वाले – निरोप घेतो.

अभ्यासाची साधने

डॅनिश शिक्षक हान्स अर्बर्ग (1920-2010) यांच्या ‘लिंग्वा लातिना पेर से इल्लुस्त्राता’ या पाठ्यक्रमाचा पहिला भाग 35 प्रकरणांचा आहे. त्यात भाषांतर मुळीच नाही. एका रोमन कुटुंबाच्या कथेतून व चित्रांतून अर्थ उलगडत जातो. प्रत्येक प्रकरण मोठ्याने वाचावे, मग पुस्तक मिटून त्यातील प्रश्न एकमेकांना विचारावेत.

व्हॅटिकनच्या लॅटिन पत्रव्यवहार कार्यालयात 1969 ते 2009 अशी चाळीस वर्षे सेवा करणारे कार्मेलाइट धर्मगुरू रेजिनाल्ड फॉस्टर (1939-2020) रोममध्ये उन्हाळी वर्ग विनामूल्य घेत. प्राचीन रोममधील भिकारीसुद्धा लॅटिन बोलत असत, तेव्हा ती केवळ बुद्धिमंतांची भाषा नव्हे, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. कानाच्या सरावासाठी व्हॅटिकन रेडिओने 2019 साली ‘हेब्दोमादा पापे’ हे साप्ताहिक लॅटिन बातमीपत्र सुरू केले. त्याचा कालावधी सुमारे पाच मिनिटांचा. आरंभी दोन-चार शब्दच ओळखू येतील, तेवढेही पुरे.

घरातील वा धर्मग्रामातील एखादा सोबती मिळवून रोज पंधरा मिनिटे बोलावे. प्रत्यय चुकतील, वाक्ये अडतील. अशा वेळी मराठीकडे न वळता ‘नोन इन्तेल्लेगो’ म्हणावे आणि सोबत्याने तेच वाक्य अधिक सोप्या लॅटिनमध्ये सांगावे. संभाषणाची सुरुवात तेथूनच होते.