वेल्हे

वेल्हे : पुणे जिल्ह्यातील राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्याचे ठाणे. पूर्ण नाव वेल्हे बुद्रुक. तोरणा किल्ल्याच्या (उंची 1,403 मी.) पायथ्याशी, कानंदी नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाट्यापर्यंत आणि तेथून मार्गासनी, विंझरमार्गे येथे पोहोचता येते. अंतर सुमारे 60 किमी. येथून पश्चिमेकडे जाणारी वाट केळदवरून मढे घाटाने कोकणात उतरते.

बारा मावळांपैकी कानंद खोऱ्यात हा मुलूख मोडतो. त्याची देशमुखी मरळ घराण्याकडे होती. शेजारच्या गुंजण मावळात शिळीमकर, तर मोसे खोऱ्यात पासलकर देशमुख होते. 1646-47च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला व त्याला प्रचंडगड नाव दिले. गडावर सापडलेले धन राजगडाच्या उभारणीस लावल्याचे बखरी सांगतात. 1704 मध्ये औरंगजेबाने किल्ला लढून जिंकला आणि त्याचे ‘फुतूहुल्गैब’ असे नामकरण केले. पुढे मराठ्यांनी तो परत मिळवला.

गडाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. त्याला जगवणाऱ्या माणसांची नोंद मात्र तुटपुंजी राहिली. किल्ल्याच्या उतारावरील चौकीच्या जागेला मेट म्हणत आणि तेथे राहून वाटा राखणाऱ्यांना मेटकरी. राज्ये गेली, पगार थांबले, पण वस्त्या हलल्या नाहीत. मेट पिलावरे या गावाच्या नावात ती चाकरी आजही ऐकू येते. मेंगाई ही गडावरची देवी. तीच वेल्ह्याची ग्रामदेवता. गड आणि गाव यांचे नाते या एका देवीत टिकून आहे.

पुढे हा प्रदेश पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. त्यांपैकी चार किल्ल्यांच्या नावाने ओळखले जात. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली, तेव्हा एका परीने भोरची जुनी रीतच परतली.

भात हे येथील मुख्य पीक. वरकस उतारांवर नाचणी व वरई होते. उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेची जागा राबाने भाजतात. शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या थरावर थर पसरून, वर मातीचा पातळ हात देऊन हा राब पेटवतात. त्याने तणाचे बी जळते व राखेचे खत होते. पहिल्या पावसावर तेथे पेरलेले रोप आषाढात उपटून, मुठी बांधून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. भर पावसात डोक्यावर इरले घेऊन, दिवसभर कमरेत वाकून, मागे मागे सरत बायका लावणी करतात. मळणीनंतर खोऱ्यात फारसे काम उरत नाही. म्हणून कित्येक पिढ्यांनी पुण्या-मुंबईची वाट धरली. घरे राखतात ती म्हातारी माणसे. होळीला आणि गणपतीला मात्र ही घरे भरतात.

तालुक्याच्या उत्तर भागात आंबी नदीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव ही धरणे आहेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, ही तारीख पुणेकर विसरलेले नाहीत. पण धरणांच्या पाण्याखाली ज्यांची खाचरे व देवळे गेली, त्यांची आठवण क्वचितच निघते. यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन दौंड भागात झाले. भातकरी माणसाला काळ्या रानात नव्याने शेती शिकावी लागली. पुणे आज पाणी पिते त्यात या विस्थापितांचा वाटा आहे, आणि तो कृतज्ञतेने नोंदवला पाहिजे.

2011च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे 54 हजार, म्हणजे जिल्ह्यात सर्वांत कमी होती. तालुका पूर्णपणे ग्रामीण असून त्यात एकही शहर नाही. तोरण्यावर जाणारे बहुतेक जण पहाटे वेल्ह्यात उतरतात आणि संध्याकाळी येथूनच परततात. त्यांनी गावात थोडे थांबावे, मेंगाईचे देऊळ पाहावे, एखाद्या ओसरीवर बसून बोलावे. तोरणा, प्रचंडगड, फुतूहुल्गैब अशी किल्ल्याची नावे बदलत गेली, तालुक्याचेही बदलले. गाव मात्र वेल्हेच राहिले आहे.