परक्याला विचारलेला प्रश्न

१/
गेल्या दिवाळीत रोहण्याला घरी गेले होते. काकूने स्वयंपाकघरात बोलावले, दार अर्धे ओढून घेतले आणि हळूच म्हणाली, "तुह्या मोबाईलात इचारून पाय ना वं. पण माहं नाव नोको टाकू." प्रश्न अंगावरून पांढरे जाण्याचा आणि दोन वर्षे न थांबलेल्या कंबरदुखीचा होता. घरात आजी, आई, काका, आर्वीला दवाखाना. यांपैकी कोणालाही तिने विचारले नव्हते. ज्याचे तोंड पुन्हा कधी पाहावे लागणार नाही, अशाच कोणाला तरी तिला विचारायचे होते.

२/
ही सवय मोबाइलने लावली, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस हेच प्रश्न पाकिटात घालून टपालपेटीत टाकत होता. त्यांची उत्तरे देणाऱ्या एका माणसाला न्यायालयाने गुन्हेगार ठरवले. त्याच सुमारास आमच्या वर्ध्यात बसून दुसरा एक माणूस तशाच पत्रांना अगदी उलट उत्तरे देत होता. आजचा धागा या दोघांविषयी.

३/
पहिला माणूस रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म १८८२. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव, पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत तसेच काम सुरू केले. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. प्रचार सोडला असता तर नोकरी राहिली असती. त्यांनी प्रचार ठेवला.

४/
१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. विषय होते संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शिक्षण आणि विवाहसंस्था. लेखन, संपादन, मुद्रिते तपासणे, अंक रवाना करणे अशी बहुतेक सगळी कामे ते स्वतःच करत. मासिक सतत तोट्यात असे. तरीही १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ, ते चालले.

५/
या मासिकाची खरी नाडी वाचकांच्या पत्रांत सापडते. लोक संपादकाला आपल्या शरीराविषयी विचारत. हस्तमैथुनाने खरोखर शक्ती जाते का? समलिंगी ओढ हा रोग आहे का? पाळणा लांबवायचा तर साधन कोणते? हे प्रश्न पूर्वीही होतेच. पण वडिलांना विचारले तर मार, मित्राला विचारले तर थट्टा, आणि गावच्या वैद्याला विचारले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत बातमी. स्त्रियांना तर एवढाही मार्ग नव्हता.

६/
या मौनावर एक मोठा बाजार पोसला गेला होता. त्या काळची वृत्तपत्रे चाळा. धातुपुष्टीच्या गोळ्या, शक्तिवर्धक पाक आणि 'गुप्त' विकारांवरच्या रामबाण औषधांच्या जाहिराती पानोपानी दिसतात. भीती वाढवायची आणि मग बाटली विकायची, असा तो धंदा. कर्वे त्याच वाचकाला सांगत की, ज्याला तू रोग समजतोस तो रोग नाही. त्यासाठी औषध घेऊ नकोस. ज्याला घाबरवून काही विकायचे आहे तो असे उत्तर देत नाही, एवढी खूण पुढच्या भागांसाठी लक्षात ठेवा.

७/
सनातन्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखासाठी कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये ते पुन्हा आरोपी झाले. या वेळी रोख थेट वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. परक्या माणसाने विचारलेल्या शंकेला छापून उत्तर देणे, हाच गुन्हा ठरला.

८/
या खटल्यात कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. साल लक्षात घ्या. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेले होते. येवल्याची घोषणा पुढच्या वर्षी व्हायची होती. देशाच्या राजकारणात एवढा गुंतलेला नेता एका तोट्यातल्या मासिकाच्या संपादकासाठी, तेही लोकप्रियता मिळण्याची शक्यता नसलेल्या विषयावर, न्यायालयात उभा राहिला.

९/
त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य. वाचक शंका विचारणार आणि संपादकाने उत्तरे द्यायची. प्रश्नच विकृत आहेत, तेव्हा ते छापावेत कशाला, असा आक्षेप आला. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, विकृती आहे असे घटकाभर मानले तरी ती ज्ञानानेच दूर होईल. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला.

१०/
खटला हरला. कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला.

यामागचा कायदा समजून घेऊ. अश्लीलता मोजण्याचा त्या काळचा गज १८६८ च्या हिकलिन या इंग्लंडमधील खटल्यातून आला होता. ज्यांची मने वाईट प्रभावाला बळी पडू शकतात, अशांच्या हाती मजकूर पडला तर ती बिघडतील का, असे त्यात पाहिले जाई. म्हणजे खरोखर गरज असलेल्या वाचकापेक्षा कल्पनेतला सर्वांत दुबळा वाचक महत्त्वाचा. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६४ मध्ये रणजित उदेशी खटल्यात हाच गज वापरला. तो बाजूला ठेवला गेला २०१४ मध्ये.

११/
आंबेडकरांनी हा विषय न्यायालयातच सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला. या सगळ्यात कर्वे यांचे मासिक मात्र थांबले नाही. दंड भरून त्यांनी पुढच्या पत्रांना उत्तरे दिली.

१२/
आता मुंबईहून वर्ध्याकडे येऊ. दुसरा परका माणूस म्हणजे महात्मा गांधी. कर्वे-खटल्याच्याच वर्षी, १९३४ मध्ये, त्यांनी मुक्काम वर्ध्यात हलवला. आधी मगनवाडी आणि १९३६ पासून शेगाव, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. देशभरातून त्यांना रोज पत्रे येत. त्यांत स्वराज्य असे, खादी असे आणि बद्धकोष्ठही असे. त्यांचा पत्रव्यवहार उघडा; कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, एनिमा, उपवास आणि कच्च्या भाज्या जागोजागी भेटतात.

१३/
ही आवड जुनी होती. १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी डॉक्टरी पेशावर जहाल टीका केली. दक्षिण आफ्रिकेत १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. पुस्तकरूपात ती अनेक भाषांत गेली. लुई कूने आणि अॅडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांचा त्यांच्यावर प्रभाव होता. आपले शरीर आपण ओळखावे, लहानसहान तक्रारीसाठी औषधाच्या बाटलीकडे धावू नये, हा त्यांचा आग्रह. बाटलीविषयीचा हा संशय कर्वे यांच्याशी जुळतो.

१४/
पण शेजघराच्या प्रश्नावर दोघांची तोंडे दोन दिशांना होती. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. मुले कमी व्हावीत हे गांधीजींना मान्य होते; कृत्रिम साधने मान्य नव्हती. उपाय एकच, संयम. आणि स्त्रीने नवऱ्याला नकार द्यायला शिकावे. सँगर यांचा सवाल असा की, ज्या बाईच्या नकाराला घरात किंमतच नाही तिने काय करावे? दोघांचे एकमत झाले नाही. ही भेट झाली ते वर्धा आमच्या जिल्ह्याचे ठाणे. तेव्हा रोहण्याची एखादी बाई तिथे असती, तर तिने कोणाच्या बाजूने मान डोलावली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१५/
इथे एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक करण्याचा मोह होतो. तो टाळूया. दोघेही डॉक्टर नव्हते आणि दोघेही कुठे ना कुठे चुकले. संयमावर सगळी भिस्त ठेवणारा सल्ला वारंवारच्या बाळंतपणांत पिचणाऱ्या बाईला वाचवू शकत नव्हता. उलट कर्वे यांच्या लेखनावर त्या काळच्या सुप्रजननशास्त्राची छाप होती. कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये हे ठरवू पाहणारी ती विचारसरणी पुढे जर्मनीत कोणत्या थराला गेली, हे आज आपण जाणतो.

१६/
मग त्यांच्या सल्ल्याचे मोल कशात? गांधीजींचेच उदाहरण घ्या. दूध वर्ज्य करावे असे ते सांगत आणि तसे वागतही. १९१८ च्या दीर्घ आजारपणात शरीर खचले. अखेर त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि आपले म्हणणे आपल्यालाच पाळता आले नाही हे लिहून मोकळे झाले. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, ती कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने केली. डॉक्टरांवर कोरडे ओढणारा माणूस टेबलावर निमूट झोपला. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर नव्याने पुस्तक लिहिले, तेव्हा दुधाविषयीची ही हकिगत त्यातही नोंदवली.

१७/
कर्वे यांचे मोल दुसरीकडे आहे. उत्तराखाली त्यांचे नाव असे, मासिकावर पत्ता असे. उत्तर चुकले तर वाचक पुढच्या महिन्यात जाब विचारू शकत होता; सरकार तर दारातच उभे होते. विचारणारा निनावी राहिला तरी चालेल, पण सांगणारा निनावी असता कामा नये, ही रीत त्यांनी सव्वीस वर्षे पाळली. आज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना मुखवटे असतात. मुखवट्याची गरज लाजणाऱ्याला असते. सल्ला देणाऱ्याला ती का पडावी?

१८/
प्रश्न दाबले की काय होते, याचा हिशेब विदर्भानेच मांडून दाखवला आहे. वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग आणि चंद्रपूरच्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के निघाल्या; तपासणीत एक तरी विकार आढळलेल्या ९२ टक्के. आणि पूर्वी कधी अशी तपासणी वा उपचार मिळालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

१९/
हे आकडे पुन्हा वाचा. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांतल्याही बहुतेकींना आजार होता. 'बाईच्या जातीला हे असायचंच' असे समजून त्या कामाला लागत होत्या. कर्वे यांना दंड ठोठावला गेला त्यानंतर पंचावन्न वर्षांनीही विचारण्याची जागा तयार झालेली नव्हती.

२०/
काकूचा प्रश्न मी विचारला. नाव टाकले नाही. तासाभरात पंधरा उत्तरे आली. कोणी तांदळाचे धुवण सांगितले, कोणी कसल्याशा चूर्णाचा दुवा पाठवला, एकाने तिचे चारित्र्य काढले. एका बाईने मात्र आपले नाव आणि आपण परिचारिका आहोत हे सांगून लिहिले : दोन वर्षांचे दुखणे असे बसल्या जागी ओळखता येत नाही, मलाही येणार नाही; तपासणी करून घ्या, आणि बाई डॉक्टर कुठे मिळेल ते आधी शोधा.

२१/
आठवड्याने मी काकूसोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासले. संसर्ग होता; औषधे दिली आणि पुन्हा बोलावले. परतताना बसमध्ये काकू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "धाकल्या जावेलेबी हेच हाय. तिलेबी आणू का पुढच्या बारीले?"

दोन वर्षे दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करत होत्या.

२२/
धागा इथे संपतो. तुमच्या घरी 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका. आजीच्या पेटीत, आजोबांच्या कपाटात एकदा पाहा. छायाचित्रे पाठवलीत तर त्यांवर स्वतंत्र धागा करीन. आणि वर कुठे तपशिलाची चूक दिसली तर जरूर सांगा. दुरुस्ती माझ्या नावानेच इथे जोडेन.