छाट काढणारा तो मालक

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येते. या गावाच्या माळावर विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत आहे. वारली उठावाच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचं नाव तिला दिलेलं आहे. कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेने अनेक वर्षं लावून धरलेल्या मागणीतून ती उभी राहिली आणि 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचं वाटप झालं. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि खुद्द कामगारांचा. विशेष असं की ज्यांना ही घरं मिळाली, त्यांच्यासारख्या विडी वळणाऱ्यांना, अगदी कारखान्यात बसून वळणाऱ्यांनाही, कामगार म्हणायचं की नाही, याबद्दल एकेकाळी सर्वोच्च न्यायालयाचंही एकमत नव्हतं. तो जुना वाद आज घरी बसून वेबसाइट बांधणाऱ्या फ्रीलान्सरला फार जवळचा आहे. त्याच्या धंद्यातले चढउतार आणि त्याची नीतिमत्ता हे सहसा त्याच्या स्वभावाचे प्रश्न मानले जातात. विडीचा इतिहास पाहिला तर प्रश्न वेगळाच निघतो: काम नाकारण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो वापरण्याची ऐपत कोणाची आहे?

विडीच्या धंद्याची रीत साधी आहे. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घ्यायचा, घरी पानं कापून विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. मजुरी हजारी. हजेरीपट नाही, भोंगा नाही, मुकादम डोक्यावर उभा नाही. सोलापुरात गिरण्यांमध्ये आणि मागांवर पुरुषांचं काम कमीजास्त होत असताना असंख्य घरांची चूल, विशेषतः तेलुगूभाषक पद्मशाली वस्त्यांमधली, या सुपावरच्या कामाने पेटती ठेवली. हे स्वातंत्र्य अगदीच खोटं नव्हतं. मुलं सांभाळून, स्वयंपाक उरकून करता येणारं दुसरं काम त्या बायांना होतंच कुठे? पण माल पोचवताना तपासणी होई आणि पसंत न पडलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला पडत. छाटेची मजुरी नाही. पानं निकृष्ट निघाली आणि हजार भरले नाहीत तर पदरचे पैसे घालून पानं विकत आणायची. म्हणजे वेळ तिची, घर तिचं, तोटाही तिचाच. चांगलं काय आणि वाईट काय हे मात्र दुसऱ्याने ठरवायचं.

न्यायालयं अडखळली ती इथेच. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यात येऊन विड्या वळणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. काम सोपं असेल तर मालकाने दिवसभर उभं राहून देखरेख करायला हवी असं नाही, दिवसअखेर खराब विड्या बाजूला काढणं हीसुद्धा देखरेखच, असा त्यातला विचार. पुढे थोड्याच काळात शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाच्या बहुमताने उलट कौल दिला: माणूस हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो, किती विड्या वळायच्या याचं बंधन नाही, तेव्हा तो कारखाना कायद्याखालचा कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवलं. शेवटी 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी कच्चा माल नेऊन काम करणाऱ्यालाही कामगाराच्या व्याख्येत घेतलं. 1976 मध्ये कल्याण निधी आला. 1985 मध्ये पी. एम. पटेल खटल्यात घरी विड्या वळणाऱ्या कामगारांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू ठरला, आणि कारण पुन्हा तेच: नापसंत माल परत करण्याचा हक्क हेच पुरेसं नियंत्रण. थोडक्यात, छाट काढतो तो मालक.

आता ही कसोटी वेब डेव्हलपरला लावून पाहू. कामाच्या वेळा त्याच्या, लॅपटॉप त्याचा, वीजबिल त्याचं. पण ‘अजून एकदा बदलून द्या’ म्हणण्याचा आणि शेवटचा हप्ता अडवण्याचा अधिकार ग्राहकाचा. काही ऑनलाइन मंचांवर तासावारी कामात तर दर काही मिनिटांनी स्क्रीनचं चित्र टिपलं जातं. विडी कारखान्याच्या तपासनिसालाही इतकं कधी साधलं नव्हतं. नीतीचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये खोटी घाई निर्माण करणं, नकळत टोपलीत वस्तू टाकणं, सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणं असे फसवणुकीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. त्यांतलं प्रत्येक बटण कोणीतरी कोडमध्ये लिहिलेलं असतं. ते लिहायला नकार द्यावा, हे उत्तर बरोबरच आहे. पण महिन्याचं एकच गिऱ्हाईक असलेल्या माणसाचा नकार आणि बँकेत सहा महिन्यांची बेगमी असलेल्याचा नकार यांची किंमत सारखी नसते. विडी वळणाऱ्या बाईला तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते असं नाही. त्यांची पहिली झळ तिच्याच फुप्फुसांना लागत होती.

यावर आक्षेप येईल की शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या, परदेशी चलनात कमावणाऱ्या माणसाला विडी कामगाराशेजारी बसवणं ही अतिशयोक्ती आहे. काही अंशी ते खरं आहे. ज्याच्याकडे पाच गिऱ्हाइकं आहेत आणि जो आपला दर आपण सांगतो, तो व्यावसायिकच, त्याला कामगार म्हणण्याचं कारण नाही. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केली तर 2006 च्या कायद्याप्रमाणे देशातल्या खरेदीदाराने त्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करायला हवेत. पण हा फरक शिक्षणाने पडत नाही, गिऱ्हाइकांच्या संख्येने पडतो. चढत्या काळात जो व्यावसायिक असतो, तोच उतरत्या काळात एका ठेकेदाराचा मजूर होतो. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली, पण त्याला ठेवलं पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर. विडीच्या कायद्याने उलट केलं होतं: बाहेरच्यांना आत घेतलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायद्याचा बोजा टाकला की मालक काम काढून घेतात. हे घडलेलं आहे. 1966 चा कायदा केरळात अमलात येऊ लागला तेव्हा एका मोठ्या विडी कंपनीने कन्नूर भागातलं काम बंद केलं आणि हजारो माणसं रिकामी झाली. पण गोष्ट तिथे थांबली नाही. 1969 मध्ये त्या कामगारांनी राज्य सरकारच्या मदतीने दिनेश विडी ही सहकारी संस्था काढली, आणि विडीचा खप घसरू लागल्यावर तिने खाद्यपदार्थ, छत्र्या असे दुसरे धंदे सुरू केले. त्यांतला एक सॉफ्टवेअरचा होता.